वर थांबलेला हात

"हात पुढं."

सर एवढंच म्हणायचे. ओरडायची त्यांना गरजच नव्हती. पोराचा तळवा पुरता उघडायच्या आत निरगुडीचा फोक त्यावर बसलेला असायचा, आणि पोराच्या तोंडून आवाज फुटायच्या आत सर पुढच्या पोरासमोर उभे असायचे. "हात पुढं." रांगच्या रांग अशी लाल होत जायची.

तुम्ही लातूरचे असाल आणि आमच्या शाळेत शिकला असाल, तर हा माणूस कोण ते तुमच्या तळव्याला माहीत आहे. नसाल तर सांगते. ते पीटीचे सर, मी भूगोलाची बाई. आम्ही एकाच शाळेत नोकरी केली आणि शिक्षक कॉलनीत भिंतीला भिंत लावून राहिलो. मला ते आवडायचे नाहीत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे त्यांच्यामागं लिहायला मला काही वाटत नाही.

बाकीचे मास्तर छडी उगारायचे. उगारली की पोरगं हात मागं घेतं, वार हवेत जातो आणि वर्ग फिदीफिदी हसतो. सरांचा फोक वर जायचाच नाही. कमरेजवळून मनगटाच्या झटक्यानं सुटायचा. एकदा स्टाफरूममध्ये चहा पिता पिता त्यांनी मला ही विद्या समजावून सांगितली होती. "बाई, मारायचं असलं की उगारायचं न्हाई. उगारणारा मास्तर धमकी देतो. मी धमकी देत न्हाई." मी म्हटलं, "सर, तुम्ही कसाई व्हायला हवं होतं." ते हसले. त्यांना ती शाबासकी वाटली.

आणि शाबासकी देणारे कमी होते का हो? जळकोट, शिरूर अनंतपाळकडून बाप लोक पोरगं घेऊन यायचे, हॉस्टेलात ट्रंक ठेवायचे आणि सरांच्या पुढ्यात पोराला ढकलून म्हणायचे, "सर, चमडी तुमची, हड्डी आमची." हा रिवाजच होता. मास्तरानं मारलं नाही तर मास्तराचं लक्ष नाही असं समजायचे. आजही लग्नाकार्यात टक्कल पडलेले डॉक्टर एकमेकांना तळवे दाखवतात. "सरांचा मार खाल्ला म्हणून इथवर आलो." मी ऐकते आणि जिलबी खाते. इथवर न आलेल्यांना लग्नाची पत्रिकाच जात नाही.

एक मात्र खरं. मैदानावर फक्कीची रेघ मारावी तर त्यांनीच. डब्यातून पांढरी भुकटी सोडत सर चालायला लागले की या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ दोरी लावल्यासारखी जायची. पोरांना शर्यतीत ती रेघ सोडायची मुभा नव्हती.

त्या रेघेपायीच तो प्रकार झाला. सरांचा मुलगा अवी आमच्याच शाळेत होता. पक्षपात नको म्हणून दुसऱ्याच्या पोराला एक फोक, तर अवीला दोन, हा सरांचा न्याय. त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत अवी सगळ्यांच्या पुढं पळत होता. वळणावर त्याचा पाय रेघेबाहेर पडला, पंचांनी शिट्टी मारली आणि अवी बाद झाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी सगळ्या शाळेसमोर त्याला बोलावलं. फोक तुटला. दुसरा तुटला. मग सरांनी कोपऱ्यात पडलेला क्रिकेटचा स्टंप उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हात डोक्याच्या वर गेलेला पाहिला. अवी खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. त्याची चड्डी ओली झाली होती. मी धावत गेले आणि मागून त्यांचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी लोंबकळले म्हणा ना. "मरंल पोरगं! सर, मरंल ते!" मी ओरडत होते. त्यांनी मला झटकलं, पण स्टंप खाली आला नाही.

अवी बारावीनंतर हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला. मोठी नोकरी, बायको, मुलगी. दिवाळीला यायचा, आईशी बोलायचा, बापाच्या पाया पडायचा, जायचा.

सर रिटायर झाल्यावर एकदा वहिनींबरोबर हैदराबादला राहायला गेले. महिनाभर राहणार होते, पण आठवड्यातच परत आले. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. मला वाटलं, पोराकडून पडद्याची दांडी वगैरे आणली असेल. संध्याकाळी ओट्यावर त्यांनी ते सोडलं. गोल्फ खेळायची काठी निघाली. चकचकीत लांब दांडा, टोकाला मोसंबीहून मोठं पोकळ डोकं.

"ह्याला ड्रायव्हर म्हणतेत," सर म्हणाले. "पहिला टोला ह्यानं मारायचा. सगळ्यात लांबचा."

"तुम्ही गोल्फ खेळणार? लातूरला?"

सर चपलांकडं बघत सांगायला लागले. "पोरगं मला तिथल्या मैदानावर घेऊन गेलं, बाई. स्वतःहून. त्याच्या ऑफिसातले चार लोक होते, नात होती. मला उभं केलं, मागं उभा राहिला, म्हणला, बाबा, हे खांद्याच्या वर न्या. मी नेलं. मागं वळून बघतो तर पोरगं खाली बसलेलं. दोन्ही हात डोक्यावर."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"नात टाळ्या वाजवून हसली. पप्पा घाबरले, पप्पा घाबरले. हा उठला, पॅन्ट झटकली, म्हणला बूट निसटला. जाताना हे माझ्या हातात दिलं. जुनं हाय, घेऊन जा म्हणला." त्यांनी ड्रायव्हर पुन्हा चादरीत गुंडाळला. "त्याला माझ्या हाताखाली न घाबरता उभं राहता आलं पायजे, बाई. मरायच्या आधी एवढंच."

"मग हात उचलू नका. सोपं आहे."

"न उचलताच तर जल्मभर मारलं," सर म्हणाले. "आता उचलून बघायचं हाय. उचललेला हात बॉलवरच पडतो, दर खेपेला पडतो, हे त्याला दिसलं पायजे. एकदा पडून भागत न्हाई. धा वेळा पडला तर इस्वास बसंल."

चाकूरच्या रस्त्याला सरांचं वडिलार्जित रान होतं. ते त्यांनी पेरायचं सोडून पडीक ठेवलं. वहिनींनी मला गळ घातली, "बाई, तुम्ही जात जा सोबत. ह्यांचं बीपी, ह्यांचा राग, रानात पडले बिडले तर कळायचं न्हाई." मीही रिटायर, घरी टीव्हीशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून जायला लागले. दूधवाल्यानं सर कुठं गेले विचारलं की वहिनी सांगायच्या, "ड्रायव्हर मारायला." त्यानं गल्लीभर केलं की सरांनी गाडीला ड्रायव्हर ठेवलाय आणि त्याला रोज रानात नेऊन बडवतात. एकाही माणसाला हे खोटं वाटलं नाही बघा.

गोल्फचा बॉल ड्रायव्हरनं मारायचा तर तो आधी टी नावाच्या छोट्या खुंटीवर ठेवावा लागतो. आमच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पहार शिरत नाही, तिथं खुंटी काय शिरणार! सरांनी ठिबकच्या नळीचे तुकडे कापले आणि ते जमिनीवर उभे करून त्यावर बॉल ठेवला. समोर फक्कीची लांब रेघ मारली, थेट बांधावरच्या बाभळीच्या दिशेनं. सगळं शिस्तीत. आणि मग मारलं.

बॉल जागेवरच होता. नळी उडून माझ्या पदरात आली.

दुसरा टोला जमिनीत बसला. ढेकूळ फुटून सरांच्याच तोंडावर आलं. तिसरा बॉल उजवीकडं वळत वळत शेजारच्या उसात गेला. चौथा तसाच. त्यानंतरचे सगळे तसेच. दिवसातून एखादा चुकून सरळ जायचा, सर मिशीत हसायचे, आणि पुढचा पुन्हा उसात. सरळ समोर गेलेला बॉल तरी कुठं सापडतो म्हणा. रानाला हात शिरेल एवढ्या भेगा होत्या. बॉल टप्पा खाऊन भेगेत गेला की गेला.

सरांचा राग काय वर्णावा! ते बॉलशी बोलायचे. "सरळ जा म्हणलं ना? ऐकू येत न्हाई? काय करायलास?" उसातून शोधून आणलेले बॉल ते वेगळ्या डब्यात टाकून झाकण लावायचे. कोंडून ठेवलेत म्हणायचे. एकदा सलग इतके बॉल उजवीकडं गेले की त्यांनी ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरून बांधावरच्या दगडावर हाणला. पुन्हा हाणला. ठिणगी उडाली, डोक्याला पोचा पडला. मग पायातला बूट काढून दगडाला मारला. मी म्हटलं, "आता दगडाला हात पुढं करायला सांगा." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरकले. खरंच सरकले. या वयात, इतकी ओळख असून.

माझं काम मोबाइलवर शूटिंग करायचं आणि अवीला पाठवायचं. बाप-लेक एकमेकांना फोन करत नसत. अवी मला लिहायचा. "बाई, बाबांना सांगा, मूठ सैल." "बाई, बाबांना म्हणा, वर नेल्यावर क्षणभर थांबा. थांबत नाहीत म्हणून बॉल उजवीकडं जातोय." मी वाचून दाखवायची. सर मान हलवायचे आणि पुन्हा कमरेजवळून मनगटानं झटका मारायचे. निरगुडीचा फोक मारल्यासारखा. इतक्या वर्षांचा हात तो, सांगून ऐकतो का?

त्यांचे तळवे फुटले. फोड आले, फुटले, परत आले. काठीच्या मुठीला रक्त लागायचं. वहिनी हळद लावायच्या आणि मला म्हणायच्या, "ज्या हातानं केलं त्या हातानं फेडायलेत. राहू द्या."

मग बालाजी आला. उसाचं रान त्याचं. सरांच्या एका उजवीकडच्या टोल्यानं त्याच्या म्हशीच्या वगारीचं कपाळ फोडलं. वगार दावं तोडून उधळली, गव्हाणीवर आपटली, आणि बालाजी कुऱ्हाडीचा दांडा घेऊन उसातून बाहेर पडला. "कोण हाय रे तुझ्या मायला!" आला आणि थेट सरांच्या गळपट्टीला हात घालून त्यानं त्यांना हिसडलं. मग तोंड बघितलं.

"सर? तुमी?"

गळपट्टी मात्र सोडली नाही. उलट आवळली. "मला वळखलं का, सर? आठवी ब. बालाजी. ह्या कानानं ऐकू येत न्हाई मला. आठवीपासून. मिलिटरीत घेतलं न्हाई ह्या कानापायी."

"कुणी मारलं?" सर म्हणाले.

देवाशपथ सांगते, त्यांना आठवत नव्हतं. बालाजी त्यांच्याकडं बघतच राहिला. मग त्याच्या घशातून हसू आलं. "कुणी मारलं म्हणतेत! बाई, ऐका. कुणी मारलं म्हणतेत!"

सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ड्रायव्हर खाली ठेवला आणि तळवा उघडून हात पुढं केला. फोड फुटलेला तो हात.

मला वाटलं, बालाजी दांडा टाकून देईल आणि पाया पडेल. सिनेमात असंच असतं. बालाजीनं दांडा उगारला आणि खाडकन मारला. मी किंचाळले. सरांचा हात खाली गेला आणि पुन्हा वर आला, तिथंच, उघडा. करंगळी वाकडी झाली होती.

"अजून?" सरांनी विचारलं.

बालाजीनं हातातल्या दांड्याकडं बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. "बास झालं." आणि दांडा टाकून वगार धरायला पळाला. दवाखान्यात सरांनी डॉक्टरला सांगितलं, पडलो. डॉक्टर जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, पडल्यावर असं मोडत नाही." सर म्हणाले, "मी पडलो की असंच मोडतं. पट्टी बांध."

पट्टी सुटली तरी करंगळी वाकडीच राहिली आणि मूठ घट्ट आवळेना. आणि काय सांगू, मूठ सैल झाली तसे टोले सुधारले! अवीनं किती वेळा लिहिलं होतं. बालाजी आता बांधावर येऊन बसायला लागला होता, चांगला कान आमच्याकडं करून. बॉल रेघेच्या जवळपास पडला की म्हणायचा, "आता बरं हाय, सर." सर मान डोलवायचे. त्या दोघांत याहून जास्त बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

राहिलं वर थांबायचं. ते काही केल्या होईना. ड्रायव्हर खांद्यावर गेला रे गेला की सर तो खाली ओढायचे. एक दिवस माझा संयम सुटला. "अहो, क्षणभर थांबायचंय! वर काय निखारा ठेवलाय का?"

सर ढेकळावर बसले. घाम पुसला. "वर थांबलं की तो दिसतो, बाई."

"कोण?"

"चड्डी ओली झालेला. डोक्यावर हात." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "त्या दिवशी मी थांबलो न्हवतो. तुम्ही धरलं म्हणून स्टंप खाली आला न्हाई. तुम्ही नसता तर आला असता. म्हून वर थांबवत न्हाई मला. थांबलं की खाली काय हाय ते बघावं लागतं."

मला या माणसाचा राग यायचा, तो त्या दिवशीही आला. पण मी पदर खोचून उठले आणि म्हटलं, "उभे राहा. मी मागं उभी राहते. काठी वर आली की धरते. मी सोडेपर्यंत थांबायचं."

असा आमचा नवा अभ्यास सुरू झाला. सर काठी वर न्यायचे, मी मागून दांडा धरायची, "थांबा" म्हणायची, मग "सोडलं." दोन म्हातारी माणसं भर रानात काय करतायत म्हणून रस्त्यावरचे टमटमवाले थांबून बघायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सर थांबले नाहीत. काठी वरून तशीच हिसकली आणि दांड्याचा फटका माझ्या मनगटावर बसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी खाली बसले आणि तोंडाला येईल ते बोलले. "मारकुटा बैल तो मारकुटा बैलच! दावणीला बांधून ठेवायला पाहिजे तुम्हाला! तुमचा अवी कधी उभा राहायचा नाही तुमच्याजवळ, आणि का राहावं त्यानं?"

सर माझ्यासमोर उभे होते, हात लोंबत सोडून. मग रडायला लागले. आवाज न करता, नाक ओढत, शाळेतली पोरं त्यांच्यासमोर रडायची तसे. मी किती वेळ बघत बसणार? मनगट सुजलं होतं तरी म्हटलं, "नाक पुसा. उद्या यायचं. आणि उद्या थांबायचं."

दुसऱ्या दिवशी थांबले. त्यानंतर रोज थांबले. मग मी धरायचं सोडलं, नुसतं "थांबा" म्हणायची. मग तेही सोडलं. काठी वर जायची, खांद्यावर थांबायची, सर डोळे उघडे ठेवून उभे राहायचे. कपाळावर घाम यायचा. मग काठी खाली यायची आणि बॉल रेघेवरून जायचा. दर खेपेला नाही हो. पण आता उजवीकडं गेलेला बॉल डब्यात कोंडला जात नव्हता. सर तो पुसून परत नळीवर ठेवायचे. "चल. परत बघू."

मे महिन्यात अवी बायकोमुलीला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे रानात. सरांनी आदल्या दिवशी नवी फक्की मारली होती. सदरा इस्त्रीचा होता. मी मोबाइल काढला तर अवी म्हणाला, "आज नको, बाई. आज मी आहे ना बघायला." आणि जाऊन बापाच्या मागं उभा राहिला. हैदराबादच्या त्या मैदानावर उभा होता तसाच. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. त्याच्या मुठी मला दिसत होत्या.

सरांनी बॉल ठेवला. रेघ बघितली. काठी हळूच वर नेली, खांद्यावर आणली आणि थांबवली.

किती वेळ थांबले कोण जाणे. मला वाटलं, आता खालीच ठेवतील. वहिनींच्या ओठांवर देवाचं नाव होतं. मग काठी सुटली, आणि असा आवाज आला जो आम्ही त्या रानात कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, कोरडा. बॉल रेघेवरून उठला, उठतच गेला, बाभळीवरून गेला, आणि पार पलीकडं काळ्या रानात टिपका होऊन उतरला. बांधावर बालाजी उभा राहिला. "आयला, सर!" नात नाचायला लागली.

सर वळले. त्यांच्या तोंडावर असं हसू मी कधी बघितलं नव्हतं. वळले आणि तसेच राहिले.

अवीचे दोन्ही हात डोक्यावर होते. गुडघे वाकलेले. डोळे गच्च मिटलेले.

मग त्यानं डोळे उघडले, हात खाली घेतले. गडबडीनं केसांवरून फिरवले, जसं काही केसच सारखे करत होता.

"बघितलंस का?" सरांनी विचारलं.

"हो बाबा," अवी म्हणाला. "बघितला. लई भारी गेला."

"सरळ होता?"

"एकदम सरळ."

सरांनी मान हलवली. ड्रायव्हर चादरीत गुंडाळला. परत येताना सर आणि मी त्यांच्या जुन्या गाडीत होतो, बाकीचे अवीच्या गाडीत पुढं गेले होते. गावाच्या कमानीपाशी आलो. मी मनातल्या मनात अवीवर, सरांवर, सगळ्या दुनियेवर चिडले होते.

"डोळे मिटले होते त्यानं," सर म्हणाले.

"हो."

"पण बघितलं म्हणला." त्यांनी गिअर बदलला. वाकडी करंगळी दांड्याबाहेर राहिली. "जल्मभर माझ्या भीतीनं लई खोटं बोललंय ते पोरगं. कुठं होतास, पेपर कसा गेला, कुणी मारलं. आज खोटं बोललं ते भीतीनं न्हाई बोललं, बाई. मला वाईट वाटंल म्हून बोललं." आणि मग हसत, रडत, रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून बसले. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून डोकं काढून त्याला अशी शिवी दिली की भूगोलाच्या बाईला ती येते यावर त्याचा विश्वास बसला नसता.

श्रावणात सर गेले. सकाळी बूट घालायला वाकले आणि उठलेच नाहीत. एक बूट पायात होता. खांदा द्यायला इतके तळवे पुढं आले की तिरडी रस्त्याला लागेना. अवी पुढं मडकं धरून चालला. रडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो वहिनींना घेऊन आला, तेव्हा बालाजीनं सरांचं रान खंडानं कसायला घेऊन नांगरलं होतं. नांगराच्या तासात भेगांतले बॉल वर आले होते. बालाजीनं घमेलंभर आणून माझ्या ओट्यावर ठेवले, मातीनं काळे झालेले. "बहुतेक माझ्याच बाजूला सापडले," तो म्हणाला.

अवीनं एक बॉल उचलला, अंगठ्यानं माती काढत बसला. बालाजी गेल्यावर खाली बघूनच म्हणाला, "बाई, त्या दिवशीचा कुठं गेला होता? मी बघितला नव्हता."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "सरांनाही माहीत होतं."

त्यानं मान वर केली. मग मी त्याला गाडीतलं सगळं सांगितलं, सर बोलले तसंच्या तसं. तो माझ्या ओट्यावर बसून मोठ्यानं रडला. एवढा मोठा बाप्या, पण त्यानं तोंड झाकलं नाही, काही नाही. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "चल. दाखवते."

रानात फक्कीची रेघ पावसानं कधीच धुऊन नेली होती. पण बाभूळ होती आणि सर कुठं उभे राहायचे ते मला झोपेतही सांगता आलं असतं. मी तिथं उभी राहिले. अवी नांगरटीतून चालायला लागला, खाली बघत, ढेकळं पायानं उलथत. बाभळीपाशी पोचल्यावर त्यानं वळून हात केला.

"इथं का, बाई?"

"अजून पुढं," मी ओरडले.

तो बांध ओलांडून गेला. चालत राहिला. ऊन लागत होतं, त्याचा पांढरा सदरा लहान लहान होत होता. पुन्हा थांबला, वळला. आता त्याचा आवाज जेमतेम येत होता.

"इथं?"

मी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"अजून पुढं, बाबा! अजून लई पुढं!"